उम्म रेखा

आमच्या गल्लीत हाक आली तर माणूस "काय?" म्हणतो, नाही तर "आलो" म्हणतो. समोरच्या वत्सलाबाई "लब्बे" म्हणायच्या. दूधवाल्याने दारातून "बाई" म्हटलं की आतून "लब्बे". भाजीवालीने म्हटलं तरी "लब्बे". त्या नवीन राहायला आल्या तेव्हा दूधवाल्याने मला हळूच विचारलं होतं, "वहिनी, मी दुधात पाणी घालत नाई, तरी ह्या बाई मले रोज लबाड काऊन म्हणतात?"

मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मस्कतला हाकेला असं उत्तर देतात, "आले, सांगा" असा त्याचा अर्थ, हे मला मागून समजलं.

वत्सलाबाई मूळच्या दुसरबीडच्या. नर्सचं शिक्षण झालं, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी दोन वर्षांची असताना नवरा तापाने गेला. भाऊ-भावजयीला मूल नव्हतं. मुलीला त्यांच्याजवळ ठेवून बाई मस्कतला गेल्या, एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहून तिचं सगळं करायला. दोन-तीन वर्षांत येऊ म्हणून गेल्या आणि सतरा-अठरा वर्षं राहिल्या. म्हातारी वारली तेव्हा परत आल्या आणि इथे नांदुऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात काम धरलं. तोवर त्यांची रेखा लग्नाला आली होती. ती मामीला आई म्हणायची आणि आपल्या आईला ताई, कारण मामा ताई म्हणायचे. यात कोणाची चूक नव्हती. लेकरू जे ऐकतं तेच म्हणतं. पण मामीला ती "आई, तू" म्हणायची आणि यांना "ताई, तुम्ही".

बाई याबद्दल बोलायच्या नाहीत. एकदाच, रेखाचा फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही म्हणते वं मले. दवाखान्यात डॉक्टरले म्हणतो तसं."

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ती बोलावलं म्हणून. एरवी मी आपणहून कोणाच्या घरी जात नाही. त्यांनी एक खजूर हातावर ठेवला आणि कान नसलेल्या इवल्याशा कपात काहीतरी ओतलं. त्याला त्या गहवा म्हणायच्या. कोरी कॉफी, साखर नाही, वर वेलदोडा. औषधासारखी कडू. मी डोळे मिटून पिऊन टाकली. त्यांनी पुन्हा ओतली. मी पुन्हा प्यायले. त्या ओतत राहिल्या आणि मी पीत राहिले. त्या रात्री बारा वाजता मी उठून डबे घासत बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मालकांकडून त्यांना हे कळलं, तशा हसत हसत आमच्या ओट्यावर आल्या. "काऊन वं सुमन, पुरे म्हणता येत नव्हतं का तुले?"

"तुम्ही ओततच होत्या."

"अवं, तू कप कुठं हलवला? रिकामा कप असा दोन बोटांत धरून हलवला की पुरे. नाई हलवला तं अजून पायजे. मी म्हणून राह्यली, बाईले लयच आवडलं!"

मला ते फार बरं वाटलं. तोंड न उघडता पुरे म्हणता येतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले आणि दुसऱ्या कपानंतर कप हलवू लागले.

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती मात्र त्यांच्या दुसऱ्या एका सवयीमुळे. मी काही बोलले की त्या माझ्या वाक्याचा शेवटचा शब्द हळूच म्हणायच्या. मी म्हणायचे, "आज मेथी निघाली बाजारात." त्या म्हणायच्या, "बाजारात." "मालकांना खोकला आहे." "खोकला." पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतात. विचारलं तर म्हणाल्या, "म्हातारी कविता म्हणे आपल्याच मनानं रचलेल्या. तिकडं कोणी कविता म्हटली की ओळीचा शेवटचा शब्द ऐकणाऱ्यानं संगच म्हणाचा असते. घरात ऐकाले मीच. अर्थ समजे नाई, पण शब्द पकडो मी. म्हणणाऱ्याले वाटते, कोणी हाय." मी एरवी कोणाशी चार वाक्यं बोलत नाही. त्यांच्याशी तासभर बोलायचे.

म्हातारीचं नाव काय होतं, ते बाईंना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. तिकडे बाईमाणसाला नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. मोठ्या मुलाचं नाव सैफ, म्हणून ती उम्म सैफ, म्हणजे सैफची आई. बाईंना सुरुवातीला ती नावाने हाक मारायची. पण आपला व तिच्या तोंडी बसायचा नाही. वत्सलाची ती फत्सला करायची. एक दिवस तिने हातांनी पाळणा हलवल्यासारखं करून विचारलं, मूल आहे का? बाई म्हणाल्या, रेखा. म्हातारीने ख घशातून खरवडून काढला आणि म्हणाली, "या उम्म रेखा!"

"मी गेली जवळ," बाई सांगायच्या. "आपल्यात या म्हटलं की जवळ जातो ना आपण? म्हातारी पाह्यत राह्यली. पुन्हा म्हणे, या उम्म रेखा. मी अजून सरकली. अशी करता करता तिच्या पलंगावरच बसली मी! मंग कळलं, त्यांच्यात 'या' म्हणजे नुसती हाक. अगं, अरे, तसं."

त्या दिवसापासून त्या घरात, शेजारी, किराणा दुकानात सगळे त्यांना रेखाची आई म्हणू लागले. रोज, दिवसातून कितीतरी वेळा. आणि त्या लब्बे म्हणत राहिल्या. इकडे आल्यावर तसं म्हणणारं कोणी राहिलं नाही. लब्बे तेवढं राहिलं.

असे बरेच शब्द त्यांच्या तोंडात राहून गेले होते. काम झालं, संपलं, की त्या "खलास" म्हणायच्या. तिकडे ते चांगल्या अर्थाने म्हणतात. एकदा दवाखान्यात कोणाच्या तरी आजोबांना त्यांनी इंजेक्शन दिलं, पडदा बाजूला केला, आणि बाहेर उभ्या असलेल्या घरच्यांना हसून म्हणाल्या, "खलास!" झालं. सुनेने हंबरडा फोडला, पोरगा भिंतीला टेकला, कोणी गावाकडे फोन लावला. तेवढ्यात आजोबाच पडद्याआडून बाहेर आले आणि म्हणाले, "काय झालं बे? कोण गेलं?" बाईंवर डॉक्टर रागावले खरे, पण नंतर तेच सगळ्यांना ही गोष्ट सांगायचे.

मग एकदा मस्कतहून पुस्तक आलं. म्हातारीची नात मरियम हिने लिहिलेलं. बाईंनी ते माझ्या हातात दिलं, पण ते कुठून उघडायचं हेही मला कळेना. आपल्या पुस्तकाची जी मागची बाजू ती त्याची पुढची. बाईंना अरबी बोलता येई, वाचता येत नव्हती. मागच्या गल्लीत उर्दू शाळेतल्या शबानाबाजी राहतात. त्यांना अक्षर वाचता येई, पण भाषा समजत नव्हती. म्हणून असं ठरलं की बाजींनी मोठ्याने वाचायचं, बाईंनी ऐकून अर्थ सांगायचा, आणि मी मेथी निवडत ऐकायचं. माझी शाळा चौथीत सुटली. त्या दुपारी मला पुन्हा वर्गात बसल्यासारखं वाटलं.

बाजींनी पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. "वत्सलाआपा, इसमें तो जेर-जबर कुछ भी नहीं है! अंदाजेसे पढना पडेगा." जेर-जबर म्हणजे त्यांच्या काना-मात्रा.

त्या अंदाजाने वाचायच्या आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. "नाई नाई, तसं नाई, तो शब्द वेगळा." "पुन्हा वाचा." "हां, समजलं. म्हणते की बा घरात एसी सुरू होता आणि आजीले थंडी वाजत होती." मला वाटलं होतं, अरबांच्या गोष्टीत उंट असतील. यात मोबाइल होता, कॉलेज होतं, नोकरी शोधणारा भाऊ होता, लग्नाला नाही म्हणणारी बहीण होती. आमच्या गल्लीतही हेच चाललं होतं.

एका ठिकाणी बाजी अडखळल्या. "उम्मु... रीखा? ये किसकी माँ है?"

"मीच ते!"

"हाय अल्ला, आप किताब में हो?"

बाई लाजल्या. मग म्हणाल्या, हे पुस्तक छापायलाही त्यांचा गहवाच कामी आला होता. मरियमला गोष्टी आपल्या खऱ्या नावाने छापायच्या होत्या. पुष्कळ मुली दुसरं नाव घेऊन लिहायच्या, घरच्यांच्या नावाची चर्चा नको म्हणून. बापाला विचारायची हिंमत नव्हती. बाप ऐकायचा तो आपल्या आईचं.

"मी गहवा ओतला," बाई सांगू लागल्या. "पोट्टीनं कप घेतला अन् समोर ठेवून देल्ला. पिते ना बोलते. मले वाटलं माशी पडली, म्हणून मी उचलाले गेली, तं म्हातारीनं माह्या हातावर फटका हाणला!"

पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो कप न पिता खाली ठेवतो, अशी तिकडची जुनी चाल. घरच्याने ते ओळखायचं आणि म्हणायचं, "पी, तुझं काम झालं." काम काय ते विचारायचं नाही. आधी झालं म्हणायचं, मग ऐकायचं.

"अन् मंग?" मी विचारलं.

"मंग काय. म्हातारीनं आधी झालं म्हटलं, मंग ऐकलं, मंग तोंडावर हात मारून घेतला. पण शब्द देऊन बसली होती. शेवटी म्हणे, मी असली पुस्तकात तं मले तरणी दाखव."

ती उम्म रेखाची गोष्ट वाचून व्हायला बऱ्याच दुपारी लागल्या. तीत आजी रोज संध्याकाळी नर्सला विचारते, आज रेखाने काय केलं? आणि नर्स सांगते. आज रेखाचा दात पडला. आज रेखा सायकलवरून पडली. आज तिने वांग्याची भाजी मांजराला घातली. आजी हसते, काळजी करते, दुसऱ्या दिवशी गुडघा बरा झाला का म्हणून विचारते. नर्सकडून दोन-चार मराठी शब्द शिकलेली घरातली नात एकदा तिचा फोन ऐकते. शुक्रवारी एकदा लागणारा फोन. पलीकडून मुलगी "बरी आहे" म्हणते आणि फोन मामाला देऊन टाकते. बस, एवढंच. दात नाही, सायकल नाही. नातीला समजतं की रोजची रेखा ही बाई आपल्या मनाने रचते. ती काही बोलत नाही. गोष्टीचं शेवटचं वाक्य बाईंनी थांबत थांबत सांगितलं. "या घरात गोष्टी रचणाऱ्या दोघी होत्या, अन् मले वाटे, मी एकटीच."

"एकटीच," बाई पुन्हा म्हणाल्या.

बाजींनी पुस्तक मिटलं. बाई बराच वेळ मेथीच्या काड्या एका रेषेत लावत होत्या. मग म्हणाल्या, "पोट्टीनं पकडलं होतं मले. अन् कधी बोलली नाई."

पुढे रेखाचं लग्न झालं. तिला दिवस गेले त्या वर्षीची ही गोष्ट. तिचे मालक मेहकरजवळ हिवरा आश्रमला मास्तर. तिथे दोघंच राहायची, सासू-सासरे गावी. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी जायचं. पण मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रेखा म्हणाली होती, मी इथेच राहते. सातवा लागल्यावर बाई तिला भेटायला निघाल्या आणि सोबत म्हणून मला घेतलं. खामगावला बस बदलली. मेहकर येईपर्यंत त्या एकच वाक्य घोळत होत्या.

"विचारू का वं तिले? बाळंतपणाले माह्याकडं ये म्हणून?"

"विचारा ना."

"विचारा ना," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "गावभराची बाळंतपणं केली मी. हिचं एक करू दे म्हणा. पण तिनं नाई म्हटलं तं? मंग फोनही कमी होईन."

रेखाने आमचं चांगलं केलं. पाय धुवायला पाणी दिलं, पोहे केले. दिसायला हुबेहूब बाईंसारखी. चहा हातात देत म्हणाली, "ताई, तुम्ही उगाच एवढ्या दूर आल्या. आईलेही मी नको म्हटलं. तिले बसता उठता येत नाई अजून. इथंच होईन दवाखान्यात. सासूबाई येतील."

"हाव. बरोबर हाय," बाई म्हणाल्या. आणि कप खाली ठेवला.

मी माझा चहा संपवला. रेखा बोलत होती, घराबद्दल, पाण्याबद्दल, मालकांच्या शाळेबद्दल. बाई प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द म्हणत होत्या. कप तसाच. चहावर साय धरली.

"चहा काऊन नाई घेत ताई? गोड झाला का? दुसरा करू?"

"नाई नाई, चांगला हाय."

पण कप उचलला नाही. त्यांनी तो मुद्दाम ठेवला की हाताच्या सवयीने ठेवला गेला, ते मला आजही सांगता येत नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कपाकडेही नाही. दाराबाहेर बघत होत्या. रेखा कप उचलायला वाकली.

परक्या घरात मी बोलत नाही. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "नको उचलू वं बाई," मी म्हणाले. "मस्कतला असं असतं. पाहुण्याले काही मागायचं असलं तर तो कप खाली ठेवून देते."

रेखा आईकडे पाहू लागली. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "हे सुमन बी ना, काही तरीच..."

"मग घरच्यानं काय म्हणाचं असते?" रेखाने मला विचारलं.

"पी, तुझं काम झालं, असं."

"काम न ऐकताच?"

"न ऐकताच."

रेखा हसली. मग हसायची थांबली. कप उचलून दोन्ही हातांत धरला आणि आईसमोर केला. "पी," ती म्हणाली. "तुह्यं काम झालं."

"झालं," बाई म्हणाल्या. तो गार, साय धरलेला चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला. मग मान खाली घालून बसमध्ये घोळलेलं वाक्य सांगितलं. रेखाने रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला. म्हणाली, "झालं म्हणून बसली ना मी. आता आईले कसं सांगू, ते तूच पाह्य." त्या दिवसापासून ते "तू" तसंच राहिलं.

मामीला फोन बाईंनीच केला. मामी म्हणाल्या, "मी काय पळून जाऊन राह्यली का? मी बी येतो तिथंच."

दवाखाना खामगावचा ठरवला. आपल्या दवाखान्यात लेकीच्या वेळी आपल्याला काम सुचणार नाही, असं बाईंचं म्हणणं. रेखाला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. मामी काठी घेऊन, बाई ताठ, मी कडेला. बराच वेळ गेला. मग दार उघडून सिस्टरने विचारलं, "रेखाची आई कोण?"

मामी काठी टेकून उठल्याच होत्या. तेवढ्यात बाईंच्या तोंडातून जोरात निघालं, "लब्बे!"

बाकावरची सगळी माणसं वळून पाहू लागली. बाईंनी तोंडावर हात धरला आणि भिंतीला चिकटून बसल्या. "वहिनी, तुम्ही जा. मले तशी सवय... तुम्ही जा."

मामी उभ्या होत्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग हळूहळू पुन्हा खाली बसल्या आणि काठी भिंतीला लावली. "माह्यानं उठणं होत नाई, ताई," त्या म्हणाल्या. "गुडघा लय धरला. तुम्हीच जा."

बाई आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या तेव्हा हातात मुलगी होती. ती त्यांनी आधी मामींच्या मांडीवर ठेवली.

समोरच्या घरात मग सव्वा महिना शेपा-बाळंतशेपांचा आणि वेलदोड्याचा वास एकत्र येत होता. दुपारी बाळ झोपलं की रेखा आईला विचारायची, "तिकडं म्हातारीले काय काय सांगितलं वं माह्याबद्दल?" बाई सांगायच्या. रेखा पोट धरून हसायची. "अवं, मले सायकल येतच नाई! वांग्याची भाजी तं माह्या आवडीची." मग ती खरं काय झालं ते सांगायची. कुत्रा चावला ते, पाचवीत बक्षीस मिळालं ते, मामाच्या चपला घालून विहिरीवर गेली ते. पलीकडे खाटेवरून मामी चूक काढायच्या, "पाचवीत नाई, सहावीत." बाई रेखाचे पाय तेलाने चोळत ऐकायच्या. "सहावीत," म्हणायच्या.

रेखा परत निघाली तेव्हा म्हणाली, "ताई, तू बी चाल. मले एकटीनं नाई होत." बाईंनी दवाखान्यात सांगितलं, घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. निघायच्या आधी आमच्या ओट्यावर टेकल्या. मी चहा दिला. कप रिकामा झाला, पण त्यांनी हलवला नाही. मी पुन्हा ओतला. तोही संपला. तोही हलवला नाही. मी पातेलं आणायला आत वळले तेवढ्यात ऑटोवाल्याने हॉर्न दिला, आणि त्या रिकामा कप तसाच ओट्यावर ठेवून उठल्या.

ऑटोत मागे बाळाला घेऊन रेखा बसली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या, पिशवी पायाशी घेतली. "येतो वं सुमन," म्हणाल्या.

मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून आपलं नेहमीचं तेवढं निघालं. "या."

ऑटो सुरू झाला होता. बाईंनी डोकं बाहेर काढलं आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "लब्बे!"